व्याह्यांचा झांबियातला रस्ता

चीनच्या प्रगतीवर माझ्या व्याह्यांइतकं बारीक लक्ष ठेवणारा माणूस खुद्द चीनमध्येही सापडायचा नाही. सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांचा चादरींचा कारखाना आहे. आयुष्यात ते हैदराबादच्या पलीकडे गेलेले नाहीत, पण झांबियात चिनी कंपनीने काल किती डांबर ओतलं हे त्यांना सकाळच्या चहाआधी ठाऊक असायचं. कारण त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा जावई, त्या कंपनीत इंजिनियर. रस्ता पुरा झाला की तो माझ्या मुलीला घेऊन परत येणार आणि कारखाना हातात घेणार, असं ठरलेलं होतं. तेव्हा चीनने जरा हात चालवावा, एवढीच व्याह्यांची परराष्ट्रनीती.

झांबिया नेमका कुठे आहे या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांनी तो रस्ता सरळ आपल्या अक्कलकोट रोडवर आणून ठेवला. काम सुरू झालं ते अक्कलकोटला, संपणार ते भवानी पेठेत. रोज फोनवर किलोमीटर विचारायचे, मनात हिशेब करायचे आणि वाटेवरचं गाव पेठेत जाहीर करायचे, "पोरगं वळसंगला आलं की." एका नवख्या गिऱ्हाइकाने विचारलंसुद्धा, इतक्या जवळ आलाय तर जेवायला का येत नाही? तिकडे पावसाने काम बंद पडलं तेव्हा जावई बरेच दिवस वळसंगातच अडकला होता, आणि तेवढे दिवस व्याही कुणाशी धड बोलले नाहीत. न्हाव्याच्या दुकानात कुणी म्हणालं की चीन आफ्रिकेला कर्जात बुडवून सगळं तांबं उचलून नेणार, तर अर्धी दाढी तशीच ठेवून ते भांडायला उठायचे. त्यात तथ्य आहे, तिथल्या लोकांनाही ती काळजी आहे, असं मी एकदा समजावून पाहिलं. "आसंल की," ते म्हणाले, "पण आमच्या बोळातला रस्ता कुणी कर्ज काढून तरी केलाय का?" त्या बोळात मी स्वतः एकदा आपटलो होतो.

पुढे पुढे त्यांना धीर धरवेना. सोलापुरात कुणाकडून काम करून घ्यायचं तर त्याच्या खांद्यावर चादर पडावी लागते. व्याह्यांनी चिनी मॅनेजरचा फोटो मागवून त्याचा चेहराच चादरीत विणला, भोवती मोरांची किनार काढली, आणि दिवाळीला आलेल्या माझ्या मुलीबरोबर ती पाठवून दिली. मॅनेजर विरघळला. चादर त्याने ऑफिसात भिंतीवर टांगली, आणि अशा घरातला माणूस सोडायचा नाही म्हणून शेजारच्या देशातल्या नव्या रस्त्याचा प्रमुख माझ्या जावयालाच केलं. चादर इतकी अंगलट आलेली सोलापूरने पाहिली नसेल.

ही बातमी आली त्या दिवशी मी व्याह्यांच्या ऑफिसात बसलो होतो. रस्ता पुरा झाला होता. मुलासाठी ऑफिसला रंग देऊन झाला होता, नवी खुर्चीही आली होती. जावई व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही जात." मग त्याने फोन फिरवून आपण केलेला रस्ता दाखवला. बाजाराच्या पाट्या घेऊन बायका टेम्पोतून चालल्या होत्या. पूर्वी या दिवस दिवस चालायच्या, तो सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज बदलला होता. व्याह्यांनी फोन डोळ्यांजवळ घेतला. मला वाटलं, आता म्हणतील, बास झालं, ये.

"जा," ते म्हणाले. "काम मात्र आसंच झालं पायजे."

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. या माणसावर माझा फार जीव आहे, पण तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

"व्याहीबुवा," ते हळूच म्हणाले, "पोरगं चांगलं निघालं म्हणून वाईट वाटतंय, हे सांगायचं कुणाला?"

मला सांगा, मी म्हणालो. त्याच कॉलवर माझी मुलगी मागे उभी होती, आणि तिला परत ये म्हणायला माझीही जीभ रेटली नव्हती.