बोंबलाच्या डब्यातलं कार्ड

डहाणूहून तलासरीला आम्ही ऑफिसातले चौघं रोज एकाच इको गाडीने जातो. तीच माणसं, तोच रस्ता. किस्से गोळा करावे लागत नाहीत, सीटखालच्या धुळीसारखे आपोआप साचतात. आणि आमच्या गाडीतले निम्मे किस्से एकट्या विलासने पुरवलेत.

विलास आमचा क्लार्क. क्रेडिट कार्डावर त्याने मोबाइल घेतले, दमणच्या ट्रिपा केल्या, मित्रांना पार्ट्या दिल्या. बिलं अंगावर आली तेव्हा त्याच्या बायकोने, वनिताने, तिच्या आईने दिलेल्या पाटल्या गहाण टाकल्या. दोन कार्डं बंद झाली, एक उरलं. पुढच्या वर्षी तिच्या भाच्याचं लग्न आहे वाढवणला. त्याआधी उरलेलं कार्ड फेडायचं आणि मग पाटल्या सोडवायच्या, एवढंच तिचं मागणं.

विलासने गाडीत जाहीर केलं, "आजपासून काटकसर."

*

काटकसरीची सुरुवात त्याने खरेदीने केली. एअर फ्रायर आणला, त्याच कार्डावर! म्हणे, महिन्याचं तेल वाचेल.

वनिताने खोकं उघडलंसुद्धा नाही. म्हणाली, "तेल वाचलं. आता त्यात तळायला काय आणू, ते सांगा."

*

मग त्याला कळलं की गुजरातेत पेट्रोल स्वस्त. रविवारी बाइक काढून हा सीमेपलीकडे गेला. टाकी भरली, खूश झाला, आणि त्या खुशीत शेजारच्या दुकानातून सोफ्याची कव्हरं घेऊन आला.

त्याच्या घरी सोफा नाही. सोफाही तो स्वस्तात बघणार होता म्हणे.

*

खरी काटकसर वनिता करत होती, गाजावाजा न करता. केबल बंद, हॉटेल बंद, विलासच्या डब्यात रोज भाकरी आणि माहेरच्या सुक्या बोंबलांची चटणी. आमचे राऊत सर नाक मुरडायचे. "अरे, इतकी वाईट वेळ आली का?" स्वतः रोज कँटीनचा वडापाव खाऊन ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारा माणूस हा.

एक दिवस सरांनी चटणी चाखली. दुसऱ्या दिवशी बाटलीच मागितली. वनिता चटणी विकायला लागली, सकाळी गाडीच्या थांब्यावर यायची. सर म्हणाले, "वहिनी, पैसे पगार झाल्यावर देतो."

"उधारीचा माणूस घरात एक आहे, सर. तेवढा पुरे."

सरांनी खिशातून पैसे काढले. मला फार बरं वाटलं.

*

विलासच्या हाताला खाज सुटतेच, म्हणून वनिताने कार्ड बोंबलाच्या डब्यात तळाशी पुरलं. तो डबा उघडला की शेजाऱ्यांनाही कळतं.

तरी पठ्ठ्याने ती माहेरी गेली असताना कार्ड काढलं आणि वापीला टीव्ही घ्यायला गेला. काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातात घेतलं, लांब धरलं आणि विचारलं, "अंकल, आ शुं छे?" मागची रांग हसली. साहेब टीव्ही न घेता परत.

संध्याकाळी माहेराहून परतल्यावर वनिताने शर्ट धुवायला घेतला, खिसा हुंगला आणि एवढंच विचारलं, "कितीचा होता?"

*

परवा विलास गाडीत चढला तो छाती फुगवून. रुमालात बांधलेली पुरचुंडी सोडून दाखवली. पाटल्या! कालच सोडवून आणल्या होत्या, लग्नाच्या कितीतरी आधी. "सरप्राइज," म्हणाला. "उगाच नावं ठेवत होतात मला."

"पण कार्ड तर अजून फिटलं नाही. पैसे कुठून आणलेस?" मी विचारलं.

"झाली सोय."

राऊत सर खिडकी उघडत म्हणाले, "आज चटणी जास्त आणलीस का रे डब्यात?"

"आज डबा नाही आणला. उपास आहे."

तेवढ्यात वनिता चटणीच्या बाटल्या घेऊन आली. विलासने खिडकीतून पुरचुंडी तिच्या हातात दिली. पाटल्या बघून तिचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. त्या माणसाला पहिल्यांदा माफ करावंसं वाटलं.

पाटल्या हातात चढवता चढवता ती थांबली. रुमाल नाकाशी नेला. मग पाटल्या.

तिने पुरचुंडी पुन्हा बांधली, घट्ट गाठ मारली आणि खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवली.

"जिथून आणल्यात, तिथे ठेवून या. आणि येताना ते पैसे कार्डात भरूनच या."