टाकीमागचं भात

जनाकाकी जेवायला बसली की ताटातला पहिला घास फरशीवर ठेवायची, त्याला बोट लावायची आणि म्हणायची, "चुकलं त्याची माफी, दिलंस त्याचे उपकार." मग जेवण. तेही सातव्या मजल्यावर, गुळगुळीत टाइल्सवर बसून. मी एकदा विचारलं, "काकी, हे देवाला म्हणतेस की जमिनीला?"

"दोन कुठं हायत?"

"पण खाली सहा मजले लोक राहतात. पोचतं का?"

"ग्रॅज्वेट झालास, पन अक्कल हप्त्यानं घेतलीस वाटतं."

आमच्या घराण्यात कॉलेजात पहिला मीच गेलो. ते मी चारचौघांत सांगतो, आणि काकी चारचौघांतच ते असं उतरवायची.

डोंबिवलीला लागून आमचं गाव. आज काकीची इमारत आहे तिथे तिचं भाताचं शेत होतं. काका गेल्यावर बिल्डरच्या कागदावर अंगठा तिनंच दिला. "पोर लहान, कसनार कोन?" एवढंच बोलायची. पोर म्हणजे विलास, माझा चुलतभाऊ. पण खोदायचं मशीन यायच्या आदल्या दिवशी काकीनं शेतातली माती गोण्यांत भरून घेतली. इमारत झाल्यावर ती माती गच्चीवर, अर्ध्या कापलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपांत गेली. त्यात दरवर्षी भात.

नवं भात आमच्यात देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. पिंपांतलं मूठभर भात काकी आलं कुटायच्या खलबत्त्यात कांडायची, दुकानच्या तांदळात मिसळून शिजवायची आणि कोजागरीला नैवेद्य दाखवायची. "मी या मातीला इकली, तरी दिलंन बघ. म्हंजे माफ केलंन." चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखा.

गेल्या उन्हाळ्यात ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे वर्तकनगरला राहिलेली. तेवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. विलासनं पिंपं रिकामी करायला लावली. आईला नव्या कुंड्या, नर्सरीची खतमाती आणून देऊ, असं त्याच्या मनात. आणलीही. काकी परत आली ती थेट गच्चीवर.

"जुनी माती?"

"डेब्रिजच्या गाडीतून गेली असेल, आये. ही बघ ना, कसली काळीभोर आहे."

काकीनं ती चिमटीत घेऊन पाहिली. पेरलं तिनं.

भात कधी नव्हतं इतकं आलं. कोजागरीला विलास कौतुकानं म्हणाला, "बघ आये, दिलंन."

काकी खलबत्ता पुढ्यात घेऊन बसलेली. "या मातीला मी कवा इकली? जिचं मी काय बिघडवलंच नाय, ती मना माफ कशी करंल?"

त्या दिवशी घास ठेवताना ती "दिलंस त्याचे उपकार" एवढंच म्हणाली. पुढेही तेवढंच. उपकार म्हणायचे तिनं चुकवले नाहीत. माफी मागायला मात्र तिला कुणी उरलं नव्हतं.

दिवाळीआधीच ती गेली, झोपेत. सुखानं गेली, असं सगळे म्हणाले. मला ते म्हणवत नाही.

तेराव्यानंतर विलास कुंड्या ठेवायला इमारतीमागे गेला आणि त्यानं मला हाक मारली. पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या बोळात, फुटक्या टाइल्स आणि सिमेंटच्या गोण्यांमधून पिकलेलं भात उभं होतं. कामगारांनी पिंपांतली माती गाडीत टाकलीच नव्हती, इथे ओतलेली. तिच्यात सांडलेले आदल्या सालचे दाणे कुणी न पेरता रुजलेले. काकी वर माफी न मागता जेवत होती तेव्हा हे खाली पिकत होतं.

विलासनं लोंब्या हातानंच खुडल्या. त्याच खलबत्त्यात दाणे कांडले, शिजवले. देवापुढे ठेवून मग जेवायला बसला. पहिला घास फरशीवर ठेवून त्याला बोट लावलं.

"काय बोलायची रे ती?"

मी सांगितलं.

"चुकलं त्याची माफी," तो म्हणाला, आणि त्याला बोट उचलवेना. पुढचं मलाच म्हणावं लागलं.