मास्तरांची मापवही

मास्तर मूळचे शिंपी. पोस्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका मशीनचं दुकान आहे आणि दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये कुत्री. आताशा कोट शिवायला येणारे कमी झालेत, कुत्रं मागायला येणारे वाढलेत. त्यातले बरेचसे तोंड वाकडं करून परत जातात, कारण मास्तर कुणाला कुत्रं निवडू देत नाहीत. तुम्हाला कुठल्या जातीचं हवंय ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "आधी घर बघतो." मग न कळवता तीनदा येतात आणि काय ते स्वतःच ठरवतात. कुत्रं दिल्यावरही वाटेल तेव्हा दारात उभे राहतात.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून खटकला.

कुत्रं हवं होतं माझ्या मुलाला. तो आज शेहेचाळीस वर्षांचा आहे, पाणीपुरवठा खात्यात पंपावर आहे. सात वर्षांचा असताना त्याने कुणाचा तरी बसक्या नाकाचा बॉक्सर पाहिला आणि हट्ट धरला. ह्यांनी बजावलं, "घरात एकतर कुत्रं राहील, नाहीतर मी." मुलाने विचार करायला एक दिवस मागून घेतला होता. त्या वर्षीच्या डायरीत मी ते लिहून ठेवलं आहे. पुढे त्याने तो विषय काढला नाही. हे गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हा एकदा जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "आई, आता आणू का?" मी हो म्हटलं.

पहिल्यांदा मास्तर आले ते मंगळवारी सकाळी अकराला. मुलगा कामावर गेलेला. सूनबाई शाळेत ग्रंथपाल आहे, तीही गेलेली. मास्तरांच्या गळ्यात टेप होती. त्यांनी कुंपणाची उंची मोजली, फाटकापासून रस्त्यापर्यंतचं अंतर मोजलं, मागच्या दाराची कडी किती उंचावर आहे तेही मोजलं. मग माझ्यासमोर बसून एकेक प्रश्न. घरात दिवसा कोण असतं? बाकीचे किती वाजता जातात, किती वाजता येतात? दारं किती, नीट न लागणारं कुठलं? तुम्ही दुपारी झोपता का, कुठल्या खोलीत?

आता सांगा, कुत्रं देणाऱ्याला माझ्या झोपेशी काय करायचंय?

मार्चमध्ये कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांकडे भरदुपारी चोरी झाली होती. त्यांच्याकडे सोनेरी केसांचा मोठा कुत्रा होता, पण तो एकदाही भुंकला नाही. हा कुत्रा मास्तरांनीच दिलेला. मास्तर चहाला नको म्हणून परसदार मोजायला गेले, तेव्हा त्यांची वही बाकावर राहिली होती. मी ती उघडली. कपड्यांची मापं लिहायची छापील वही होती ती: छाती, कंबर, खांदा, बाही, उंची. एका पानावर वर 'चष्मेवाले' आणि खाली 'छाती ४, बाही ५'. चार छातीचा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पुढच्या पानावर आमचं 'हिरवं फाटक' आणि खाली सगळे रकाने कोरे.

मी वही होती तशी मिटून ठेवली. ते परत आत येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की ह्या माणसाला एक अक्षर खरं सांगायचं नाही.

मी सांगितलं, घर कधी रिकामं नसतं. मुलगा साडेअकराला परत येतो आणि घरूनच काम करतो. माझा भाचा आमच्याकडेच असतो, व्यायामशाळा चालवतो. मला भाचाच नाही. मी स्वतः रोज तीन किलोमीटर चालते आणि दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही. मास्तर सगळं लिहून घेत होते. मी मान लांब करून पाहिलं. त्यांनी लिहिलं होतं, 'बाही ०'.

पुढच्या दोन्ही खेपांना सुट्टीचा दिवस होता आणि मुलगा घरी होता. पण त्याला बॉक्सरच दिसत होता. मास्तर जे विचारतील त्याला तो हो म्हणत गेला. भाच्याचं कुणी काढलं नाही, आणि मी दोन्ही वेळा चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात होते.

बॉक्सर आला. दोन वर्षांचा नर, अंगावर पट्टे, छाती एखाद्या पैलवानासारखी. मुलगा पहाटे उठून त्याला फिरवायला नेऊ लागला. फाटकापर्यंत मला त्याचं बोलणं ऐकू यायचं. स्वतःच्या वडिलांशी तो जन्मात जेवढं बोलला नसेल तेवढं त्या आठवड्यात कुत्र्याशी बोलला.

पण दिवसभर कुत्रा माझ्या गळ्यात. माझी काठी त्याला खेळणं वाटायची. तिसऱ्या दिवशी त्याने प्रेमाने अशी धडक दिली की मी दार आणि भिंतीच्या मध्ये अडकून बसले. चौथ्या दिवसापासून ती दोघं गेली की मी त्याला मागच्या व्हरांड्यात कोंडू लागले. त्याने पायपुसणं फाडलं, दार ओरबाडलं, तासन्‌तास रडला. संध्याकाळी मुलाने विचारलं की मी सांगायची, शहाण्यासारखा होता. व्हरांडा मी ती दोघं येण्याआधी झाडून घेत असे.

नवव्या दिवशी दुपारी दीडला मास्तर दारात.

घरी कोण आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुलगा आतल्या खोलीत झोपलाय आणि भाचा आंघोळीला गेलाय. त्यांनी कुत्र्याला आणायला सांगितलं. कुत्रा सुटला तो खोलीला दोन फेऱ्या मारून मास्तरांच्या अंगावर. त्यांनी पट्टा धरून त्याला खाली बसवलं आणि म्हणाले, "मुलाला हाक मारा जरा."

मी बंद दाराकडे तोंड करून हाक मारली. एकदा, दोनदा. कुत्रा माझ्याकडेच बघत होता.

"काकू, आत माणूस असता तर ह्याचा एक तरी कान तिकडे वळला असता. ह्याला कळतंय की तुम्ही भिंतीशी बोलताय."

ते उठून व्हरांड्यात गेले. ओरबाडलेल्या दारावरून त्यांनी बोट फिरवलं. परत आले आणि खुंटीवरची साखळी काढून कुत्र्याला लावली. फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, मी खोटं का बोलले. तेव्हा मात्र मी खरं तेच तोंडावर सांगितलं: तुमच्यावर संशय होता. चष्मेवाल्यांचं पान मी पाहिलंय.

मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "छाती म्हणजे घरातली माणसं. बाही म्हणजे कुत्रं रोज किती तास एकटं राहणार, नाहीतर एकट्याच म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात पडणार. तो सोनेरी कुत्रा मी राखणीला दिलाच नव्हता. त्यांना सांगितलं होतं, चोर आला तर हा त्याला कपाट दाखवेल." मग साखळी हाताला गुंडाळत म्हणाले, "चोराला आणि कुत्रं देणाऱ्याला एकच गोष्ट कळायला हवी असते, घर रिकामं कधी असतं. तुमचा संशय चुकीचा नव्हता. उत्तरं चुकीची होती."

कुत्रा गेला. संध्याकाळी मुलाने रिकामी खुंटी पाहिली. एक बूट काढला होता, दुसरा तसाच पायात ठेवून तो खुर्चीवर बसून राहिला. मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तुला नको होता तर तसं म्हणायचं होतंस." हे वाक्य मला रागापेक्षा जास्त लागलं. म्हणजे त्याच्या हिशेबी मीही वडिलांसारखीच.

रविवारी मी चालू वर्षाची डायरी पिशवीत घातली आणि मुलाला घेऊन दुकानात गेले. मास्तर बटणाची काजं करत होते. मी डायरी उघडून वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतलं वाचून दाखवलं: कोण किती वाजता गेलं, किती वाजता आलं, मी किती वेळ एकटी होते. ते काजं करत ऐकत राहिले.

"हे तरी खरं कशावरून?"

मी म्हटलं, कुत्र्याचा विचारसुद्धा घरात नव्हता तेव्हाचं आहे हे. खोटं कुणासाठी लिहू?

तेव्हा कुठे त्यांनी सुई खाली ठेवली. त्यांनी स्वतःहून सांगितलं की पहिलं कुत्रं त्यांनी सख्ख्या बहिणीला दिलं होतं. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भलाथोरला अल्सेशियन. तो तिच्या मुलाला चावला, कुत्र्याला सुई देऊन मारावं लागलं आणि बहिणीने बोलणं टाकलं. तिने विचारलं होतं, घरात सगळं ठीक होईल ना, आणि ते न बघताच हो म्हणाले होते. "कोट बिघडला तर उसवता येतो," एवढं बोलून त्यांनी वही ओढली आणि नवं पान काढलं. बाही: साडेसात. मग विचारलं, "शेवटचं पडलात कधी?"

मुलगा शेजारी उभा होता. मी कधीच पडले नाही असं त्याला आजवर वाटत आलेलं. नाही म्हणणं सोपं होतं, त्या महिन्यात मला त्याची सवयही झाली होती. मी पानं मागे उलटली आणि वाचलं: "बारा फेब्रुवारी, अकरा चाळीस. न्हाणीघरात पडले. वीस मिनिटं उठता आलं नाही. मुलाला सांगायचं नाही."

मुलगा बाहेर बघत म्हणाला, "आई, वीस मिनिटं?"

मास्तरांनी ते 'खांदा' ह्या रकान्यात लिहिलं. बॉक्सर मिळणार नाही, असं त्यांनी मुलाला स्पष्ट सांगितलं. ओढणारं नको, पायात घोटाळणारं नको, पिल्लू तर नकोच. मुलाने मान हलवली. बॉक्सर शेडमध्येच होता, त्याचा आवाज येत होता. मुलगा आत जाऊन त्याला भेटून आला. आत किती वेळ होता ते मी त्या दिवशी लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी, आणखी दोन खेपा टाकून, मास्तरांनी सात वर्षांची काळी लॅब्रेडोर आणून सोडली. तिला पळापळीचं वेड उरलेलं नाही. ती माझ्या खुर्चीपासून हातभर अंतर राखून पडते आणि मी उठले की आधी बाजूला होते. मुलगा तिला पहाटे फिरवतो. पहिले काही दिवस तो मुकाट्याने चालायचा. आता थोडं बोलतो.

काल दुपारी दोनला तिचा डावा कान उचलला गेला आणि दाराकडे वळला. घंटा वाजायच्या आत मी दार उघडलं. मास्तर टेप गळ्यात घालून उभे होते. माझ्या खांद्यावरून त्यांनी आत एक नजर टाकली.

"घरी कोण आहे?"

"मी एकटीच," मी म्हटलं.

त्यांनी आधी कुत्रीच्या कानाकडे पाहिलं, मग चपला काढल्या.