ओटीतलं चौथं पान

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींच्या वाटेला जाणारी बाई नाही. अंगात आलेल्या बाईला मी तोंडावर "वारं उतरलं की चहा घ्या" म्हटलेलं आहे. जुन्या जालन्यात कापड दुकानांच्या गल्लीत माझा टायपिंगचा क्लास होता. पोरींना मी जन्मभर एकच शिकवलं – समोरच्या कागदावर आहे तेवढंच उमटलं पाहिजे, त्यात आपली अक्कल घालायची नाही. नेमकं त्यामुळेच हे प्रकरण माझ्या घशाखाली उतरत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. क्लासात नवा कॉम्प्युटर आला होता आणि फोनच्या वायरीवर इंटरनेट चालायचं... म्हणजे मनात आलं तर चालायचं. माझी अंजनामावशी भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईला राहायची. तिचा एकुलता एक भरत आखातात ट्रक चालवायला गेला होता. गावात त्याचा फोन कधी लागायचा, कधी नाही, म्हणून तो माझ्या पत्त्यावर मेल करायचा. मेलचा डबा इवलासा, लगेच भरायचा. मी आलेली मेल छापून पुसून टाकायची आणि मावशी जालन्याला आली की वाचून दाखवायची.

एकदा मेल आली तिच्यात वर एकच ओळ – "शोभाताई, हे आईला ऐकव." आणि खाली चार पानं भरून बारीक इंग्रजी अक्षरं. मोठा यू, लहान के, लहान एल, मग मोठा जी... शब्द म्हणून एक नाही. मी नेहमीसारखं छापून मेल पुसून टाकली, त्याला "नीट आलं नाही, परत पाठव" असं कळवलं आणि मावशीला सांगितलं, "मावशी, हे वाचता येण्यासारखं नाही गं. बिघडून आलंय."

"बिघडू दे. माझ्या लेकानं धाडलंय न्हाई का? मंग दे इकडं," मावशी म्हणाली आणि पानं घडी करून पिशवीत घालून घेऊन गेली.

भरतचं उत्तर आलंच नाही. काही आठवड्यांनी आली ती त्याच्या अपघाताची खबर. ट्रक उलटला आणि भरत जागेवर गेला. तिकडच्या तिकडेच सगळं उरकलं, मावशीला तोंडसुद्धा दिसलं नाही.

त्यानंतर मावशी आली की एकच विचारायची, "शोभे, काय म्हणला व्हता गं तो त्या कागदात?" मला रडू यायचं आणि तिचा रागही यायचा. मला तरी काय माहीत!

शेवटी मी ती पानं मागवून घेतली आणि आमच्याकडे कॉम्प्युटर शिकवायला येणाऱ्या कुलकर्णी सरांना दाखवली. पहिली ओळ बघूनच ते म्हणाले, "ताई, यात आवाज आहे." मग समजावून सांगितलं. कॉम्प्युटरच्या पोटात गाणं असो की फोटो, सगळं शून्य आणि एक. पण मेलमधून धड जातात ती फक्त अक्षरं. म्हणून ते शून्य-एक सहा-सहाच्या गटांत तोडायचे आणि प्रत्येक गटाला एक खूण द्यायची. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, दहा आकडे आणि वर दोन चिन्हं मिळून चौसष्ट खुणा होतात. पलीकडचा कॉम्प्युटर त्याच खुणांवरून परत शून्य-एक करतो. आमच्या जुन्या प्रोग्रॅमला ते जमलं नव्हतं, एवढंच.

"म्हणजे मी हे जसंच्या तसं टाइप केलं तर?"

"तर भाऊ बोलेल," सर म्हणाले.

पण पानं तीनच होती. चौथ्याचं विचारलं तर मावशी म्हणाली, "त्ये म्या रेणुकाईच्या ओटीत घातलं. खण, नारळ अन् त्ये पान. म्हणलं, आई, लेकराला जल्दी घरी आण." देवीच्या ओटीत घातलेलं कुणी परत मागत नाही. तरी मी बेशरमपणे देवळात जाऊन आले. ओटीतल्या कागदांचं केव्हाच विसर्जन झालं होतं.

"तीन तर तीन," सर म्हणाले. "शेवटचं वाक्य तुटेल, बाकी ऐकू येईल." मी मावशीलाही तसं बजावून ठेवलं.

बरेच दिवस दुपारी क्लास सुटला की मी टाइप करत बसायची. अर्थ नसलेलं टाइप करणं भारी अवघड असतं. बोटांना कशाचा आधारच नसतो. मावशी शेजारी स्टुलावर बसायची. तिसरं पान संपलं तेव्हा पाठ मोडून आली होती. मी फाइल सेव्ह केली आणि सरांनी त्या खुणांचे परत शून्य-एक करून आवाज लावला.

आधी नुसती खरखर. आणि मग भरत!

"आई, मी बराबर हाय. जेवण चांगलं हाय. इकडं लई ऊन हाय, आपल्यापेक्षा लई. तू गुडघ्याला तेल लावून राह्यली का न्हाई?"

मावशीनं तोंडावर पदर घेतला. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, इथं तुटणार म्हणून. तुटलं नाही. भरतचा आवाज एकदम बारीक झाला.

"आई, मला घरी यायचंय. तू बोलाव ना. घरून बोलावणं आलं की मालक सोडतेत."

मग संपलं.

सरांनी माझी फाइल उघडली. तिसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीखाली आणखी पानभर अक्षरं होती. मी ती टाइप केली नव्हती. केली असती तर कशावरून केली असती? बोटं अशीच चालली असतील म्हणावं, तर सर म्हणाले, "ताई, मनानं पानभर ठोकलं तर नुसता गोंगाट निघेल. माणूस बोलणार नाही."

पुढे भरतच्या खोलीतला एक सोबती त्याची बॅग घेऊन गावी आला. मी त्याला मुद्दाम बाजूला घेतलं, स्वतः काही सांगितलं नाही, फक्त विचारलं – भरतनं आवाज भरला तेव्हा तू होतास का? होता. भरतचं शेवटचं वाक्य म्हणून त्यानं सांगितलं ते तेच. बोलावणं आलं की सोडतेत.

तुम्ही म्हणाल, चमत्कार झाला, देवीनं पान परत दिलं. मला तसं म्हणवत नाही. मला राग येतो. ते पान गेलं होतं ते गेलेलंच बरं होतं. मावशीला गुडघ्याच्या तेलाचं बोलणारा भरत मिळाला असता, तेवढ्यावर तिचं म्हातारपण निघालं असतं. ज्यानं कुणी ती अक्षरं घातली, त्याला एवढीही दया नसावी? देवी असेल, भरत असेल, माझीच बोटं असतील... मला आजही काही सांगता येत नाही, आणि सरांनी तर तो विषय काढणंच सोडलं.

एकदा मी मावशीला म्हटलं, "मागचा तुकडा काढून टाकू का गं? पुढचंच ऐकत जा."

"काहून?" ती माझ्यावरच चिडली. "त्यानं हाक मारली न्हाई का?"

ती येते, स्टुलावर बसते, मी आवाज लावते. "तू बोलाव ना" आलं की ती कॉम्प्युटरकडे वाकते आणि भर क्लासात, पोरींसमोर, मोठ्यानं ओ देते. "ओ, बाळा. ये."