डोळा निवेपर्यंत

माझ्या सख्ख्या भावानं माझ्या तोंडावर चुना फेकला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात कुणी ते असं सरळ म्हणायचंच नाही. ‘चुना उडाला’ म्हणायचे. चुना काय आपणहून उडतो होय?

बाबा साताऱ्याकडून इथल्या लष्करी कारखान्यात नोकरीला आले आणि चेन्नईचेच झाले. ते गेल्यावर अण्णा नगरच्या घरात उरलो आम्ही चौघं: आई, दादा, वहिनी आणि मी. मी शाळेत गणित शिकवते. आमच्या डोक्यावर थेट गच्ची, त्यामुळे उन्हाळा लागायच्या आत गच्चीला चुना फासायचा, म्हणजे खाली जरा जीव राहतो. त्या सकाळी दादानं पिंपात चुनकळी टाकली, पाणी ओतलं, आणि पिंप असं रटरटायला लागलं की आई जिन्यापर्यंत मागे सरली. दुपारपर्यंत ते निवून घट्ट झालं. मग तो आणि मी लांब दांड्याचे ब्रश घेऊन कामाला लागलो.

वहिनीला खालून बादली आणायला उशीर झाला. एवढंच. दादानं ब्रशचा दांडा फिरवला आणि तिच्या पाठीत घातला. पहिल्यांदा नव्हे. पण मी समोर असताना पहिल्यांदा. माझं डोकंच फिरलं. त्याचा हात धरून मी मागे पिरगाळला आणि म्हटलं, “पुन्हा हिच्यावर हात उचललास तर तोच हात मोडीन.”

तो हसला. हात सोडवून घेतला, पिंपात तांब्या बुचकळला आणि तो चुना माझ्या तोंडावर भिरकावला.

डोळ्यांत कुणी निखारे कोंबून वरून पापण्या दाबून धराव्यात, तसं झालं. मी नळाकडे धावले. तर आई आडवी आली. “पाणी नको! पाणी नको! चुना उकळेल गं!” सकाळी पिंप पाहिलं होतं ना तिनं. तिनं मला खाली पाडलं आणि कोरड्या टॉवेलनं माझे डोळे खसाखसा पुसायला लागली. तिची माया आणि तो टॉवेल, दोन्हींनी मिळून चुना आणखी आत घासला. मी गुरासारखी ओरडत होते.

तेव्हा वहिनीनं आईला ढकललं. सासूपुढे जिचा आवाज कधी निघाला नाही, त्या बाईनं तिला धाडकन ढकललं, माझे केस धरले आणि फरफटत नळाखाली नेलं. टाकीचं पाणी उन्हानं तापलेलं. मी तिला चावले, अगदी रक्त येईतो. तिनं माझं डोकं सोडलं नाही. तो वण तिच्या दंडावर अजून आहे.

इस्पितळात दोघींनी मला पलंगावर दाबून धरलं आणि डॉक्टरीणबाईंनी पापण्या उलट्या करून आतले चुन्याचे खडे एकेक करून काढले. “त्या नळाचं पाणी वेळेवर पडलं नसतं तर माझ्या हातात काही उरलं नसतं,” त्या म्हणाल्या. कसं झालं, हे त्यांनी विचारलं. आई घाईघाईनं म्हणाली, “चुना उडाला.” दादा तिथेच रडत उभा होता. रडका मेला!

त्यानंतर मला फक्त उजेड आणि अंधार कळायचा. समोर माणूस आहे की कपाट, ते आवाजावरून ठरवायचं. शाळा सुटली. भात वाढला की ताटात कुठे काय आहे, ते वहिनी सांगायची. आणि कधी कधी मागच्या खोलीतून आवाज यायचा, सपकन. मी ओरडायचे, “काय झालं गं?” ती म्हणायची, “काही नाही वन्सं, भांडं पडलं.” भांड्याचा आवाज मला कळत नाही का? पण भिंत चाचपत मी त्या खोलीच्या दारापर्यंत पोचेतो सगळं चिडीचूप झालेलं असायचं.

डॉक्टरीणबाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. बुबुळावर एक पातळ, पारदर्शक कातडी असते. बुबुळाच्या काठावर तिच्या बीजपेशी असतात आणि त्या जन्मभर नवी कातडी पुरवतात. माझ्या दोन्ही डोळ्यांतल्या त्या जळून गेल्या होत्या. त्यामुळे पांढऱ्या भागावरचं मांस आणि रक्तवाहिन्या बुबुळावर चढून बसल्या होत्या.

“मग दुसऱ्या कुणाच्या लावा,” मी म्हटलं.

“लावू. पण आत्ता नाही. तुमचा डोळा अजून रागावलेला आहे.”

डोळा रागावलेला! आणि मी काय पेढे वाटत होते?

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, नुसत्या पेशी नेऊन ठेवल्या की कातडी होत नाही. खाली आधाराच्या पेशींचा थर लागतो. कसं वाढायचं, कधी थांबायचं, पारदर्शक कसं व्हायचं, हे तोच वरच्यांना शिकवतो. आणि रक्तातून धावून येणाऱ्या लढाऊ पेशी? त्यांच्यावाचूनही चालत नाही, मेलेलं त्याच उचलतात, जखम भरायचा निरोप त्याच देतात. पण लढाई संपल्याचं त्यांना कळलं नाही, तर त्या नव्या कोवळ्या कातडीवरच तुटून पडतात. मग ती कच्चीच राहते, सोलून निघते. “म्हणून थांबायचं. डोळा निवेपर्यंत.”

डोळा निवायला वर्ष उलटून गेलं. मग प्रश्न आला, बीजपेशी कुणाच्या? सख्खं भावंड असेल तर जुळायची शक्यता जास्त. मला सख्खा एकच. आणि रक्त तपासलं तर मेलं जुळलंसुद्धा!

“देतो की, हवा तर आख्खा डोळा काढून देतो,” दादा म्हणाला. मला किळस आली. नाही म्हणावंसं वाटलं, जिभेवर आलंही होतं. आईनं माझा हात घट्ट दाबला. “तो देतोय ना? मग झालं गेलं गंगेला मिळालं. आता तू कुठे काही बोलायचं नाहीस.” मी गप्प बसले. आईनं तो होकार धरला. मला दिसायला हवं होतं, बस.

त्याच्या बुबुळाच्या काठावरचा बारीकसा तुकडा काढला. कुणा बाळंतिणीच्या वारेवरचा पापुद्रा अंथरून त्यावर त्या पेशी वाढवल्या आणि तो थर माझ्या उजव्या डोळ्यावर बसवला. “तुमचं शरीर या पेशींना परकं समजून मारायला धावेल. म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शरीराला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, मी मनात म्हटलं. “आणि डोळ्याला धक्का लागता कामा नये. एक फटका बसला तरी हा डोळा गेला समजा.”

पट्टी सुटली. रोज थोडं थोडं धुकं विरत गेलं. आधी खिडकीचे गज, मग कॅलेंडरवरचे आकडे. आणि एका सकाळी स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यात थेंब घालायला वाकलेली वहिनी दिसली. तिच्या गालावर हिरवट पिवळा डाग होता. त्याच्याखाली, जबड्यावर, ताजा निळा.

“हे काय?”

“न्हाणीत पाय घसरला.”

“वहिनी, मला दिसतंय आता.”

तिनं काही म्हणायच्या आत दादा आत आला. कॉफी गार झाली म्हणून त्यानं पेला मोरीत आपटला आणि वहिनीची वेणी धरून मान मागे खेचली. इतके दिवस नुसतं ऐकत आलेलं मी आता बघत होते. तिनं डोळे मिटून घेतले, सवयीनं. ती सवय बघूनच माझं रक्त पेटलं. मी मध्ये घुसले. त्यानं वेणी सोडली आणि तोच हात माझ्यावर उगारला. “माझ्याच डोळ्यानं बघतेस आणि माझ्यावरच?”

फटका बसला तर डोळा गेला, हे मला पक्कं आठवत होतं. ओट्यावर खलबत्ता होता. मी बत्ता उचलला आणि उगारलेल्या मनगटावर सगळ्या जोरानं हाणला. हाड मोडल्याचा आवाज भांडं पडल्यासारखा मुळीच नसतो.

तो खाली बसून किंचाळत होता. आई मला शिव्या देत होती, “उपकार विसरलीस, कृतघ्न कार्टी!” वहिनीनं गॅस बंद केला, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, “चला वन्सं.”

महिला पोलीस ठाण्यात आम्ही चुन्यापासून सगळं सांगितलं. मनगट कुणी मोडलं, असं विचारल्यावर मी म्हटलं, मी. तेही लिहून घेतलं. माझ्यावरही तक्रार आहे. असू दे.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. रात्रभर मी रडले होते, त्यामुळे धाकधूक होतीच. वहिनी माझ्या खुर्चीमागे उभी होती, तिचा हात माझ्या खांद्यावर. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून कितीतरी वेळ पाहिलं.

“छान. डोळा अगदी शांत आहे.”

“त्याला राहू दे शांत,” मी म्हटलं. “मी नाही.”