कशावरून, दादा?

कुणी सांगितलेली कुठलीही गोष्ट माझ्या चुलत बहिणीनं आजवर जशीच्या तशी मान्य केलेली नाही. मेडिकलला नंबर लागला तेव्हा ती सांगोल्याकडच्या आमच्या गावाहून सोलापूरला शुक्रवार पेठेत माझ्याकडं राहायला आली आणि घरातली निवांत बोलणी संपली. नुसतं ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी ‘कशावरून, दादा?’ ठरलेलं. उखळात कुटलेली शेंगाचटणी मिक्सरच्या चटणीपेक्षा चवदार लागते, असं माझी बायको एकदा सहज बोलून गेली. हिनं दोन्ही चटण्या करायला लावल्या, सारख्या बरण्यांत भरल्या, कुठली कोणती ते कुणाला सांगितलं नाही आणि गल्लीतल्या बावीस जणांना चाखायला दिल्या. निम्म्याहून जास्त लोक मिक्सरच्या बाजूनं गेले. बायकोनं आठवडाभर अबोला धरला. “वहिनी, बावीस माणसं फार थोडी असतात. तुमचं अजून खरं निघू शकतं,” ही तिची समजूत घालायची पद्धत.

ताप आलेला माणूस दिसला की तिला राहवत नसे. एका लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा म्हणाला, अंगात कसर असते हल्ली. हिनं हातातला घास खाली ठेवला. घरी शेळ्या आहेत का, किती आहेत, दूध तापवून पिता की कच्चंच? पाहुण्याला वाटलं, आपल्या मुलाची स्थळ म्हणून चौकशी चाललीय. त्यानं शेळ्यांचा आकडा दुप्पट करून सांगितला.

ती डॉक्टर झाली तेव्हा माझ्या काकांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, तालुक्याच्या स्टँडसमोर दवाखान्यासाठी दोन गाळे पाहून ठेवले होते. तीस वर्षं मेंढरं-शेळ्या राखलेला तो माणूस नवं धोतर नेसून तिला गाळे दाखवायला घेऊन गेला. मीही सोबत होतो. तिनं गाळे बघितले आणि खाली मान घालून सांगितलं, “आप्पा, मी दवाखाना न्हाय घालणार. शेळ्यांपासनं माणसाला ताप येतो, त्यावर संशोधन करायचंय.”

“त्येनं कोण बरं हुतंय का?” काकांनी विचारलं.

“लगेच न्हाय.”

“मग कवा?”

“म्हाईत न्हाय, आप्पा.”

“एवढं शिकून म्हाईत न्हाय,” काका म्हणाले आणि एकटेच एस्टीत जाऊन बसले. त्या दिवशी सोलापूरला परतताना ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. माझ्या कुठल्याच वाक्यावर तिनं ‘कशावरून’ विचारलं नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

पुढं ती वाड्यावस्त्यांवर बर्फाची पेटी घेऊन रक्त गोळा करत फिरू लागली. पोरं कुल्फीवाली समजून मागं लागत. दोन वर्षांनी आमच्याच गावाची पाळी आली. देवळासमोर टेबल मांडून ती बसली. काका दिवसभर लांब लिंबाखाली बसून बघत होते. गर्दी सरल्यावर आले आणि त्यांनी बाही वर सारली. वर्षाकाठी दोन-तीनदा त्यांना ताप यायचा, सांधे धरायचे. तिनं नेमाप्रमाणं कागद वाचून दाखवला, की यात भाग घ्यायलाच पाहिजे असं नाही, नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

“दवाखान्याच्या टायमाला मला न्हाय इचारलंस ह्ये,” काका म्हणाले. तिनं कागदावरचा पुढचा प्रश्न घेतला, “कच्चं दूध पिता का?”

“तूच शेळीखाली बसून तोंडात धार घेत हुतीस की. लिव्ह त्ये बी.”

शेळ्यांपासनं येणारा तो ताप काकांच्या रक्तात निघाला. सहा आठवडे गोळ्या झाल्या. त्या वर्षी त्यांना ताप आला नाही.

माझी काकू, म्हणजे तिची आई, बहीण सात वर्षांची असताना तापानंच गेली होती. घरात तो विषय कुणी काढत नाही. परवा गावाला गेलो तेव्हा बहीण दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी उभी होती. मी धीर करून विचारलं, काकूला हाच ताप असेल का गं?

“सांगता येत नाही, दादा,” ती म्हणाली. “तिचं रक्त कुणी घेतलंच नव्हतं.”

मग तिनं उकळलेलं दूध उतरवून ठेवलं आणि ते प्यायला काकांना हाक मारली.