मागच्या भिंतीतलं दार

मृत्यूला कुठलंही दार अडवू शकत नाही, असं वडीलधारी माणसं सांगत आली आहेत. सांगणाऱ्यांपैकी कुणी हिरामण पाटलाच्या घरी गेलेलं नसणार. त्याला उचलून बाहेर आणताना आम्ही चौघं त्याच्या धाकट्या भावाच्या सोफासेटपाशी अडलो. पुढं सोफा, बाजूला टीव्हीचं कपाट, आणि मधली वाट एका चालत्या माणसापुरती. आडवा माणूस तिथून जाईल असा विचार ती खोली सजवताना कुणी केलेला नव्हता. आधी सोफा अंगणात गेला, मग हिरामण. त्या सोफ्यावर नंतर भजनी मंडळींपैकी दोघं बसले. बातमी मला कळली तीही त्या धाकट्या भावाकडूनच. सकाळी नेरूळच्या घरी फोन वाजला, "मास्तर, बाळाराम बोलतो," एवढं ऐकू आलं. बाळारामनं मला कधी फोन केलेला नव्हता. त्यामुळे पुढचं त्यानं सांगायच्या आतच मी खुर्ची ओढून बसलो... "मोठा गेला," तो म्हणाला. दोघं भाऊ एकाच छपराखाली राहत होते आणि कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

हिरामण आणि मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरीला होतो. तो बॉयलरवर, मी स्टोअर्समध्ये. मला तो मास्तर म्हणायचा. शिकवण्याचं पाप माझ्या हातून कधी घडलेलं नाही, पण टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पुस्तक ठेवणारा माणूस मास्तरच असणार, असं त्यानं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं आणि एकदा ठरवलेलं त्यानं कधी बदलल्याचं मला आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडचं वर्तमानपत्र वाचायला यायचा. बॉयलरवरचा माणूस, पण शर्ट कडक इस्त्रीचा आणि खिशात कंगवा. वादात हरणं त्याला जमत नसे. त्याचं चुकत असलं की आवाज चढायचा, आणि बरोबर असलं की आणखी चढायचा. मी साताऱ्याकडचा, इथं नोकरीमुळे आलेला. तो उलव्याच्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात जन्मलेला. "तुमी भाड्यानी आलेली मानसं," तो म्हणायचा. माझा फ्लॅट मालकीचा आहे, हे मी त्याला अनेकदा सांगून पाहिलं.

वडील गेल्यावर घराची वाटणी झाली, तेव्हा थोरला म्हणून पहिली निवड हिरामणची होती. पुढं ओटी आणि एक खोली, मागं दोन ऐसपैस खोल्या, त्यापलीकडे मोकळी जागा आणि मग खाडी. हिरामणनं मागची बाजू घेतली. जागा जास्त, वारा जास्त, आणि मागच्या भिंतीत दार पाडलं की धाकट्याशी संबंधही कामापुरता. हा हिशेब त्यानं मला मोठ्या खुशीत समजावून सांगितला होता. दार कुठं असावं, त्यातून उगवतीचं ऊन कसं येईल, हे सगळं ठरलेलं होतं. फक्त ते साधंसुधं नको होतं. उरणच्या सुताराला सांगून त्यानं सागवानी चौकट बनवून घेतली आणि मागच्या भिंतीला आतून टेकवून ठेवली. मग दार दिवाळीनंतर पाडायचं ठरलं. दिवाळीनंतर गवंडी मिळेना. मग पुतण्याचं बारसं, मग पाऊस, मग पुन्हा दिवाळी... दरम्यान भावांचं बिनसलं. हिरामणच्या मते कारण धाकट्यानं शेवग्याचं झाड तोडलं हे होतं. बाळारामच्या मते कारण झाड नव्हतं, झाडावरून हिरामण जे बोलला ते होतं. आता भांडलेले दोन भाऊ आणि बाहेर जायचा रस्ता एकच. तोही धाकट्याच्या खोलीतून.

त्यांनी यातून जी वाट काढली, तिला मी मनातल्या मनात तह म्हणत असे. हिरामण मधल्या उंबऱ्याशी येऊन खाकरायचा. बाळाराम टीव्हीचा आवाज वाढवायचा. याचा अर्थ परवानगी. मग हिरामण समोर बघत खोली पार करायचा, आणि तो ओटीवरून उतरला की आवाज पुन्हा कमी. परत येताना हेच उलट्या दिशेनं. माझ्यासारख्या पाहुण्यांची मात्र गंमत असायची. बाळाराम माणूस अगत्याचा. "या मास्तर, बसा, पानी घ्या," म्हणून तो पुढं बसवून पाणी द्यायचा, पावसापाण्याचं विचारायचा आणि मग मानेनंच आत जायची खूण करायचा. आत गेल्यावर हिरामण पहिलं विचारी, "पानी दिला का त्यानी?" दिलं म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. नाही दिलं असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं बहुतेक. या तहाचा खरा जाच हिरामणच्या बायकोला, मंजुळावहिनींना होता. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बाळाराम शाळेत होता. त्याला डबा भरून देण्यापासून परीक्षेला सोडण्यापर्यंत सगळं त्यांनी केलेलं, आणि आता त्याच्यासमोरून पाण्याची कळशी घेऊन मुकाट जायचं. "एकदा दार पाडा, न् मला सोडवा," त्या हिरामणला माझ्यादेखत म्हणाल्या होत्या. "पाडतू गं," तो म्हणाला. चौकटीवर त्या वेळी त्याचेच शर्ट वाळत होते.

आणि मग विमानतळ आला. म्हणजे आला नाही; येणार असल्याचं आलं. वर्तमानपत्रात जगाचा नकाशा, त्यावर नवी मुंबईचा ठिपका आणि ठिपक्यातून सगळ्या खंडांकडे गेलेले बाण. गावाला त्या बाणांचं काही वाटलं नाही. गावात बातमी वेगळीच पोचली होती : भरपाई घरागणिक मिळणार आणि घर म्हणजे दार. जितकी दारं, तितकी घरं. हे कुणी सांगितलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण महिनाभरात गावात गवंड्याला पाय टेकायला वेळ नव्हता. गोठ्याला दोन दारं झाली. एकाचं नवं दार उघडलं की समोर थेट विहीर. एका काटकसरी गृहस्थानं नुसतीच चौकट भिंतीवर ठोकून तिला निळा रंग दिला. मागं भिंत तशीच. मी रविवारी गेलो तर गावात माणसांपेक्षा दारं जास्त दिसत होती. आख्ख्या गावात ज्या एका माणसाला खरोखर दाराची गरज होती, तो तेवढा मागच्या खोलीत हाताची घडी घालून बसलेला.

"अरे, गवंडी दारात उभा आहे," मी म्हटलं. "एका दिवसाचं काम."

"आता पाडला तर लोक काय बोलतील? हिरामन पन लायनीत लागला."

"लोक स्वतःच लायनीत आहेत."

"म्हून तर."

वहिनींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "लोकांचा जाऊंदे. भावाला काय वाटंल त्याचा पडलाय यांना." ते खरं होतं. आदल्या दिवशी हिरामण खोली ओलांडत असताना बाळाराम टीव्हीकडे बघून, टीव्हीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला होता, "काही लोकांनी पन पाडून घ्यावा दार. सरकार देतंय." झालं. ज्या दारासाठी सागवान आणलं होतं, ते आता लाचारीचं दार ठरलं. मी त्याला म्हटलं, तत्त्वाला दार नसतं पण माणसाला लागतं. वाक्य मला बरं वाटलं होतं. त्याला नाही.

पुढं शाळेच्या हॉलमध्ये ग्रामस्थांसाठी माहितीची सभा झाली आणि हिरामणनं मलाही ओढून नेलं. कुठल्याशा कार्यालयातून एक साहेब आले होते. हार, नारळ, वेफर्सच्या बश्या, सगळं रीतसर. परदेशात एका ठिकाणी हवाईदलाचा जुना तळ होता, त्याचा आंतरराष्ट्रीय विमानतळ कसा झाला, याची चित्रं ते प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवत होते. दुपार टळटळीत आणि खिडक्यांना पडदे नाहीत, त्यामुळे भिंतीवर भिंतच दिसत होती. "सायेब, काय दिसत नाय," कुणीतरी म्हणालं. "हे टर्मिनल," साहेब म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे वळले. ती भिंतही तशीच होती. तिथं धावपट्टी आयती होती, जमीन सपाट होती. इथं आधी डोंगर उतरवायचा आणि नदी वळवायची आहे, हा फरक साहेबांनी ओझरता सांगितला. मग हिरामण उठला. कंगवा फिरवून आलेला होता.

"सायेब, तिथली मानसं कुठं गेली?"

"तिथं माणसं नव्हती. सैनिक होते. त्यांना आदेश आला, ते गेले."

"आमाला पन द्या."

"काय?"

"आदेश. जा बोला, नायतर ऱ्हा बोला. ह्यो मधला काय ऱ्हायचा?"

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांनी भावना वर कळवतो असं सांगितलं आणि एक गोष्ट मात्र जाता जाता स्पष्ट केली : गावात यापुढे कुणीही नवं बांधकाम, फेरफार, काहीही करायचं नाही. आणि भरपाई दारांवर नाही. घरी परतताना आम्ही त्या निळ्या चौकटीवरून गेलो. मालक तिच्यासमोर उभा राहून बिडी ओढत होता. मी मुद्दाम हिरामणकडे पाहिलं नाही. पाडायचं तेव्हा पाडलं नाही, आणि आता पाडायची सोय नाही... तो एवढंच म्हणाला, "नियम म्हंजे नियम." ज्या माणसानं बॉयलर हाउसमध्ये विड्या ओढू नयेत या पाटीखाली उभं राहून आयुष्यभर विड्या ओढल्या, त्याच्या तोंडी हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर आमचा कारखाना बंद पडला. मी मुलीला शिकवण्यांना सोडणं-आणणं, सोसायटीचं सेक्रेटरीपद असल्या उद्योगांत अडकलो. हिरामण घरी बसला, आणि घरी म्हणजे त्या दोन खोल्यांत. नोकरीत दिवसातून दोनदाच खाकरावं लागे. आता बाहेर पडायचं प्रत्येक निमित्त म्हणजे एक खाकरणं. मग त्यानं कामं साठवायला सुरुवात केली. दळण, रेशन, दाढी... एका खाकरण्यात तीन कामं. पुढं तीन कामांसाठीही जाईना, वहिनींना पाठवायचा. खाडीकडच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा. खिडकीला गज होते. मी गेलो की तिथूनच मला डोंगर दाखवायचा, अजून आहे तिथंच आहे, असं सांगायचा. शर्ट मात्र इस्त्रीचाच.

गेल्या उन्हाळ्यातली ती शेवटची भेट. मी पुढं पाणी पिऊन आत गेलो. त्याच्या पायांवर सूज दिसत होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि तो खोलीतल्या खोलीत चालत होता; चौकटीपासून खिडकीपर्यंत आणि परत. मला राहवलं नाही. म्हटलं, "हिरामण, बाळारामशी बोल. एकदा बोल फक्त. तो पाणी देतो, सगळ्यांची विचारपूस करतो, वाईट माणूस नाही तो."

"मना म्हाईत हाय."

"मग?"

तो खुर्चीत बसला, शर्टाची बाही सरळ केली. "मी बोललू तर तो हो बोलंल, मास्तर. लगेच बोलंल." त्यानं मानेनं आतल्या खोलीकडे खूण केली. "मंग इतकी वरसं मी कशापायी खाकरत व्हतू, त्याचा काय सांगू तिला?"

आत वहिनी भांडी लावत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला होता... थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. मी चहा घेऊन निघालो. मला सोडायला तो मधल्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथं थांबला. त्याला पाहून बाळारामचा हात रिमोटकडे गेला. हिरामणनं मान हलवली, नाही, बाहेर जायचं नाही. आणि मागं वळला. त्या दोघांत मी पाहिलेलं ते एवढंच संभाषण.

तेराव्याचं जेवण आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी बाळारामनं स्वतः गवंडी आणि सुतार आणले. जेवणासाठी दिलेली आमच्या सोसायटीची पातेली तिथंच राहिली होती, त्या निमित्तानं मी गेलो होतो, तेव्हा मागची भिंत फोडणं चालू होतं. चौकटीचा एक पाय वाळवीनं खाल्लेला निघाला; सुतारानं तेवढा कापून खाली फळी ठोकली. मी बाळारामला विचारलं, हे नव्या बांधकामात येत नाही का? परवानगी?

"कोन बगायला येतंय, मास्तर," तो म्हणाला. विटा तो स्वतः उचलून देत होता. दुपारपर्यंत दार लागलं, आणि उगवतीचं ऊन कसं येईल ते हिरामणनं सांगितल्याप्रमाणेच असणार, पण तेव्हा दुपार होती. वहिनी चुलीशी बसून होत्या. बाळाराम हात धुऊन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "वैनी, झाला," म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?"

परवा पुन्हा गेलो. वहिनी पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ टेकून टीव्हीसमोर बसल्या होत्या, मांडीवर बाळारामची धाकटी मुलगी. मालिका संपेपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. मग पाणी आलं आणि पाठोपाठ चहाही तिथंच आला. मला पहिल्यांदाच दोन्ही एका खोलीत मिळालं. वहिनी येणं-जाणं सगळं पुढूनच करतात, असं बाळारामची बायको म्हणाली. मी दाराबद्दल विचारलं. "दार चांगला हाय," वहिनी म्हणाल्या. "लाकूड चांगला हाय त्याचा." मी मागं जाऊन पाहून आलो. आतून कडी लावलेली, वर अडसर, आणि खालच्या फटीत पोतं खुपसलेलं. उघडं राहिलं की कोंबड्या आत शिरतात.